स्पोर्ट्स कार चालू होत नाही, फ्यूज उडालाय... पण का उडालाय?

दोन सीटची हौसेची गाडी, सगळा पावसाळा कव्हरखाली उभी, आणि एका रविवारी सकाळी किल्ली फिरवली तर सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन काही पकडत नाही. कोणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं, फ्यूज बघ. मग आपण पुस्तिका काढतो, झाकण उघडतो, आत वीस-तीस रंगीत चौकोन दिसतात, त्यातला एक जळलेला सापडतो, तसाच नवीन घालतो आणि तोही फट्‌ करून जातो. इथेच बहुतेक लोक अडकतात, कारण उडालेला फ्यूज सापडला म्हणजे बिघाड सापडला असं आपल्याला वाटतं, आणि तसं नसतं. तो का उडाला हे शोधायला फार मोठं शिक्षण लागत नाही, एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं छोटं यंत्र), एक इंडिकेटरचा बल्ब आणि थोडा पेशन्स एवढं पुरतं.

उदाहरणासाठी मी मुद्दाम माझदा मिआटा घेतोय, म्हणजे पहिल्या पिढीची, १९८९ ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये आलेली आणि १९९७ पर्यंत बनलेली, ती उघडझाप करणाऱ्या हेडलाइटवाली. आपल्याकडे ही गाडी कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, पण अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या, हाताने काम करायची हौस असलेल्या आपल्या लोकांना परवडेल अशी जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे बऱ्याचदा हीच, आणि तिचं वायरिंग इतकं साधं आहे की समजवायला बरं पडतं.

फ्यूज नक्की कोणाला वाचवतो

फ्यूज म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेली धातूची पट्टी. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की ती तापून वितळते आणि सर्किट तुटतं. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आठवा, आत पाणी संपून कुकर नको तेवढा तापला की तो वितळून जातो. नवीन व्हॉल्व्ह आणून कुकर परत कोरडाच गॅसवर चढवला तर नवीन व्हॉल्व्हपण जाणार, दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला म्हणून नाही तर आत अजूनही पाणी नाही म्हणून.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. लोकांना वाटतं फ्यूज पंपाला किंवा कॉम्प्युटरला वाचवायला असतो. तो मुख्यतः वायरला वाचवायला असतो. गाडीची बॅटरी फक्त १२ व्होल्टची म्हणून आपण तिला हलक्यात घेतो, हात लावला तर झटका बसत नाही हे खरं, पण सरळ शॉर्ट झाला, म्हणजे करंट आपलं काम करायच्या आधीच वाटेत कुठेतरी बॉडीला भिडला, तर तीच बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. बारीक वायरमधून एवढा करंट गेला की वरचं प्लास्टिक वितळतं, शेजारच्या वायरी उघड्या पडतात, आणि पुढे काय होतं ते एक्सप्रेसवेवर जळून गेलेल्या गाड्यांच्या व्हिडिओत आपण बघतोच.

किती अँपिअरचा फ्यूज लागतो हे साधं गणित आहे, वॅट भागिले व्होल्ट. हेडलाइटचा एक ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर घेतो, दोन म्हणजे सव्वानऊच्या आसपास, त्यामुळे दोघांना मिळून १५ चा फ्यूज असेल तर वायरही त्या हिशोबाने जाड घातलेली असते.

आधी गाडी काय करतेय ते बघा

"चालू होत नाही" ही तक्रार अर्धवट आहे. किल्ली फिरवल्यावर काहीच नाही, डॅशवर एक दिवापण नाही, तर बॅटरी पूर्ण गेलीय, किंवा तिची टर्मिनल सैल आहेत, किंवा मेन फ्यूज उडालाय. मिआटात हा मेन फ्यूज ८० अँपिअरचा, बोनेटखालच्या बॉक्समध्ये चक्क स्क्रूने बसवलेला, आणि तो बहुतेक वेळा जातो ते कोणीतरी जंपर केबल उलटी लावल्यामुळे. दिवे लागतात पण सेल्फ नुसता टिक-टिक करतो, तर फ्यूजच्या नादी लागू नका, बॅटरी मोजा. काही तास उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर सहज लागतात आणि त्याच्या जाड केबलवर बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतोच.

दिवे नीट आहेत पण सेल्फमधून आवाजच नाही, असं असेल तर क्लच पूर्ण दाबलाय का ते बघा. हसू नका, अमेरिकन मिआटात क्लच पेडलला स्विच असतो, तो दबला नाही तर सेल्फला निरोपच जात नाही, आणि ऑटोमॅटिकमध्ये हेच काम गिअरच्या दांड्याचा स्विच करतो.

आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल येत नाहीये, नाहीतर स्पार्क येत नाहीये, नाहीतर या दोघांना हुकूम देणारा इंजिनचा कॉम्प्युटरच झोपलाय. फ्यूजचा खरा तपास या शेवटच्या प्रकारात करायचा.

फ्यूज बॉक्स एकाच जागी नसतो

साध्या गाडीत पण दोन बॉक्स असतात, स्पोर्ट्स कारमध्ये जागा नसल्यामुळे सगळं कुठेतरी कोपऱ्यात कोंबलेलं असतं. मिआटात एक बॉक्स बोनेटखाली, दुसरा डॅशखाली, आणि बॅटरी मागे डिकीत, त्यामुळे बोनेट उघडून बॅटरी शोधणारे नवखे मालक गोंधळतात. पोर्शेची गंमत तर अजून वेगळी. ९११ च्या ९९७ पिढीत बॅटरी पुढच्या डिकीत असते, आणि ती डिकी उघडते विजेवर! म्हणजे बॅटरी गेली की बॅटरीपर्यंत पोचायचा रस्ताच बंद. त्यासाठी पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढता येणारं एक टर्मिनल दिलंय, तिथे दुसऱ्या बॅटरीचा प्लस आणि गाडीच्या बॉडीला मायनस जोडला की डिकी उघडण्यापुरती वीज मिळते. हे माहीत नसलेला माणूस नुसती डिकी उघडायला टो ट्रक बोलवू शकतो.

मिआटाचा सेल्फ फिरून इंजिन पकडत नसेल तर पहिला संशयित बोनेटखालचा इंजेक्शनचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेचा, ३० अँपिअरचा फ्यूज, मग डॅशखालचा इंजिनसाठीचा. पण कोणता कुठे हे झाकणावरच्या नकाशात बघा, अंदाजाने उपटू नका.

उडालाय की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका

आजचा सपाट पात्यांचा फ्यूज लिटलफ्यूज या अमेरिकन कंपनीने १९७६ मध्ये आणला आणि त्याच्यामुळे रंगांचा घोळ बराच मिटला. १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. पण तुमच्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातली ९११ असेल तर सावधान, तिच्यात गोळीच्या आकाराचे जुने युरोपियन फ्यूज असतात आणि त्यांच्यात लाल म्हणजे १६, निळा म्हणजे २५. रंग बघून दुकानात "लाल द्या" म्हटलं की झालाच घोळ. शिवाय त्या फ्यूजची पट्टी शाबूत दिसते पण टोकांना गंज चढलेला असतो, नुसता बोटाने फिरवला तरी गाडी चालू होते आणि मालकाला वाटतं चमत्कार झाला.

सपाट फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, ते मोजण्यासाठीच ठेवलेत. किल्ली ऑनला ठेवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला, लाल पिन एकदा या ठिपक्याला आणि एकदा त्या. दोन्हीकडे १२ तर फ्यूज चांगला. एकीकडे १२ आणि दुसरीकडे शून्य तर उडाला. दोन्हीकडे शून्य, याचा अर्थ करंट फ्यूजपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे त्याच्या मागचा मोठा फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) नाहीतर इग्निशन स्विच बघायचा. ही तिसरी शक्यता लोक विसरतात आणि चांगला फ्यूज तीनदा बदलतात. मल्टिमीटरची बीप वाजवून (सलग जोड असेल तर ती वाजते) तपासायचं असेल तर फ्यूज काढून हातात घेऊन तपासा, जागेवर असताना बीप दुसऱ्याच रस्त्याने फिरून येऊ शकते.

कधी उडाला, हा खरा प्रश्न

माझ्या मते सगळ्या तपासातली कामाची माहिती इथे आहे आणि गॅरेजमध्ये नेमकं हेच कोणी विचारत नाही. फ्यूज कोणत्या क्षणी गेला यावरून अर्धी गाडी संशयाच्या बाहेर जाते.

किल्ली खिशात आहे आणि नवीन फ्यूज खोचताक्षणी ठिणगी पडून गेला, तर शॉर्ट कायम वीज असलेल्या वायरवर आहे, म्हणजे इग्निशन स्विच, त्याच्या पुढची सगळी मंडळी निर्दोष. खोचताना शांत पण किल्ली ऑन केल्यावर गेला तर इग्निशनच्या पुढच्या वायरी बघायच्या. ऑनला टिकला पण सेल्फ मारल्यावर गेला, तर जे फक्त त्या वेळी जागं होतं तेवढंच बघायचं, मिआटाच्या बाबतीत उदाहरणार्थ पेट्रोल पंप. कारण तिच्या १.६ लिटरच्या इंजिनात पंप नुसत्या किल्लीवर सुरू होतच नाही, सेल्फ फिरताना होतो, आणि नंतर इंजिन हवा ओढायला लागलं की हवेच्या मीटरमधली झडप हलून त्याला चालू ठेवते. त्यामुळे "किल्ली ऑन केली की मागून घूं आवाज यायला हवा" हा सगळीकडे दिला जाणारा सल्ला या गाडीला लागू नाही, आवाज नाही म्हणून चांगला पंप बदललेले लोक असतील तर मला नवल वाटणार नाही. खात्री करायची तर बोनेटखालच्या डायग्नोसिस लिहिलेल्या छोट्या डबीत एफपी (पेट्रोल पंप) आणि जीएनडी (ग्राउंड) हे दोन पॉइंट वायरने जोडायचे आणि किल्ली ऑन करायची, पंप फिरायलाच हवा.

गाडी चालू झाली, दहा मिनिटं चालली आणि मग फ्यूज गेला? हा सरळ शॉर्ट नाही. सपाट फ्यूज आकड्याच्या बरोबर वर गेला की लगेच तुटत नाही, १० चा फ्यूज ११ अँपिअरवर शंभर तास तग धरेल असाच बनवतात, साडेतेरावर तो सेकंदाच्या आतही जाऊ शकतो किंवा दहा मिनिटंही घेऊ शकतो, आणि वीसवर जास्तीत जास्त पाच सेकंद. म्हणजे उशिरा जाणारा फ्यूज सांगतोय की कोणीतरी थोडंसंच जास्त ओढतंय, बहुतेक झिजलेली मोटर, पंप नाहीतर पंखा. जळलेल्या फ्यूजची पट्टीपण बघा, भयंकर शॉर्टमध्ये आतून काळा-चंदेरी धूर बसलेला असतो, हळू जाणाऱ्यात पट्टी मधेच वितळून नुसती फट पडलेली असते.

आणि खड्ड्यात, किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, किंवा फक्त इंजिन तापल्यावर जाणारा फ्यूज, तो म्हणजे कुठेतरी घासलेली वायर. स्पोर्ट्स कार खाली टेकलेली, सस्पेन्शन कडक, इंजिनभोवती हात जाईल एवढीही जागा नाही, त्यामुळे घासायला भरपूर वाव.

बल्ब लावून शॉर्ट पकडायचा

प्रत्येक प्रयोगाला एक फ्यूज जाळायचा म्हटलं तर पाकीट संपेल आणि वायरही दरवेळी तापेल. जुने वायरमन त्यासाठी फ्यूजच्या जागी बल्ब लावतात, आणि एवढी सोपी युक्ती अजूनही लोकांना माहीत नसते याचं मला आश्चर्य वाटतं.

२१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी, वायरींच्या टोकांना फ्यूजच्या खाचेत बसतील अशा पिना. आता करंट बल्बमधूनच जाणार आणि शॉर्ट कितीही मोठा असला तरी हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देणार नाही. पुढे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो. मग त्या फ्यूजवर अवलंबून असलेले कनेक्टर एकेक करून काढत जायचं, इंजेक्टर, सेन्सर, रिले, जे असेल ते, आणि ज्याला काढताक्षणी बल्ब एकदम मंद होतो किंवा विझतो, शॉर्ट त्याच फांदीवर. सगळे काढूनही बल्ब तसाच, तर दोष उपकरणांत नाहीच, मधल्या वायरिंगमध्ये आहे, मग वायरींचा गठ्ठा एकेका जागी हाताने हलवत जायचं, कोणीतरी बल्बकडे बघत बसायचं, आणि जिथे तो लुकलुकतो तिथे टेप सोडायची.

दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. शॉर्ट नसतानाही जड लोड असेल, म्हणजे पंप वगैरे, तर बल्ब अर्धवट पेटतो, त्याने फसू नका, पूर्ण उजेड आणि अर्धा उजेड यातला फरक बघायचाय. बल्ब लावलेला असताना पुढे पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत, त्यामुळे रिले कटकट वाजू शकतात, गाडी चालू होणार नाही, तसा हट्टही करू नका. आणि एअरबॅगच्या सर्किटवर हा किंवा कोणताच प्रयोग करायचा नाही, ते कनेक्टर साधारण पिवळे असतात, तिथे हात नाही म्हणजे नाही.

हाती काय लागतं? इंजिनच्या फ्यूजच्या बाबतीत माझा पहिला डोळा ऑक्सिजन सेन्सरकडे जातो. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला हा सेन्सर जळालेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते मोजतो, आणि लवकर तापावा म्हणून बऱ्याच गाड्यांत त्याला आत हीटर असतो, ज्याची वीज कित्येकदा इंजिनच्याच फ्यूजवरून येते. त्याच्या वायरची क्लिप तुटली की वायर लालभडक पाइपवर लोंबकळते, प्लास्टिक वितळतं, तांबं लोखंडाला लागतं आणि एका सेन्सरपायी अख्खा कॉम्प्युटर बंद. त्याच्या खालोखाल आधीच्या मालकाने लावलेला अलार्म, म्युझिकचा अँप्लिफायर, रंगीत दिवे, जिथे मूळ वायर ब्लेडने सोलून नुसती पिळून टेप मारलेली असते. आणि मग उंदीर. महिनोन्‌महिने उभी गाडी, बाहेर पाऊस, आत कोरडं आणि उबदार इंजिन, आपल्याकडे याचं स्पष्टीकरण कोणाला द्यायला नको.

"एक नंबर मोठा फ्यूज टाकला तर चालेल ना?"

नाही. १० च्या जागी ३० टाकलात तर फ्यूज टिकेल, गाडीही कदाचित चालू होईल, पण आता त्या सर्किटमधली सगळ्यात कमजोर गोष्ट फ्यूज नाही, वायर आहे, आणि ती सीटखाली, कार्पेटखाली, पेट्रोलच्या टाकीजवळून गेलेली असते. सिगरेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. बरोबर आकड्याचा नवीन फ्यूज एकदा घालून बघायला मात्र हरकत नाही, वर्षानुवर्षं तापून-गार होऊन पट्टी थकते आणि फ्यूज म्हातारपणानेही जातो. एकदा. दुसरा गेला की थांबा.

"एवढं कशाला, स्कॅनर लावला की सगळं कळतं!"

स्कॅनर कॉम्प्युटरशी बोलतो, आणि कॉम्प्युटरचाच फ्यूज उडाला असेल तर बोलणार कोणाशी? म्हणजे स्कॅनरला वीज मिळतेय पण इंजिनचा कॉम्प्युटर उत्तर देत नाहीये, हाच मोठा पुरावा झाला. स्कॅनर स्वतःच पेटत नसेल तर त्याच्या सॉकेटचा १६ नंबरचा पिन तपासा, तिथे कायम बॅटरीची वीज हवी, आणि बऱ्याच गाड्यांत तो पिन सिगरेट लायटरच्या फ्यूजवर असतो, मोबाइल चार्जरने तो उडवलेला असतो आणि स्कॅनरला दोष बसतो. तसंही हे प्रमाणित सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या मिआटाला ते नाहीच.

"रिले बदल, होईल चालू"

हा सल्ला अगदी चुकीचा नाही. पोर्शे ९४४ चा डीएमई रिले तर यासाठी बदनामच आहे, कॉम्प्युटर आणि पेट्रोल पंप दोघांची वीज त्याच्यातून जाते आणि आतले सोल्डरचे टाके तडकले की गरम गाडी मधेच रुसते. पण तिथे फ्यूज शाबूत असतो. खराब रिले बहुतेक वेळा वीज पोचू देत नाही, तो जास्तीची वीज ओढत नाही, म्हणून फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर रिले बदलून पैसे जातील, दुसरं काही नाही.

सापडल्यावर काय

बॅटरीचा मायनस काढा, वितळलेला तुकडा कापून तेवढ्याच जाडीची वायर जोडा, नीट सोल्डर किंवा क्रिंप, वर आकसणारी नळी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायर परत पाइपवर पडणार नाही अशी बांधा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत हेच. मग बल्ब काढून पुस्तिकेतल्या आकड्याचा फ्यूज घाला आणि जमलं तर डीसी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा) त्या वायरमधून किती अँपिअर जातायत ते इंजिन चालू ठेवून बघा. १० च्या फ्यूजवर ९ जात असतील तर अजून काहीतरी बाकी आहे.

गाडी वॉरंटीत असेल किंवा एवढ्या अरुंद जागेत हात घालायची इच्छा नसेल तर खुशाल गॅरेजला द्या, फक्त देताना "चालू होत नाही" एवढंच न सांगता फ्यूज कोणता, किती अँपिअरचा आणि कोणत्या क्षणी जातो हे लिहून द्या. बिलावर "फ्यूज बदलला, वायरिंग चेक केलं" असं असेल तर पैसे देण्याआधी विचारा, कोणती वायर, कुठे लागत होती, आणि दुरुस्तीआधीचा फोटो आहे का. उत्तर नसेल तर गाडी अजून दुरुस्त झालेली नाही.